तुम्ही विचारलंत म्हणून: स्पर्धेसाठी पहिला क्रॉलर कुठला?

‘स्पर्धेत उतरायचंय, पहिला क्रॉलर कुठला घेऊ?’ क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळूहळू चढत जाणारी रिमोटची गाडी. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत अशा गाड्यांत रमलेल्या कुणालाही हा प्रश्न चुकलेला नाही. मी त्यावर ‘कुठल्या क्लासमध्ये उतरणार?’ असं उलट विचारतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला नाव हवं असतं. मी टाळतोय असं त्याला वाटतं. मी टाळत नाही. क्लास म्हणजे गाडीच्या मापांवरून पाडलेला स्पर्धेचा गट. तो न विचारता गाडी सुचवणं म्हणजे पैलवानाचं वजन न करता त्याला आखाड्यात सोडणं.

1.9 आणि 2.2 हे आकडे रिमच्या व्यासाचे, इंचातले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण क्लास ठरतो तो टायरच्या बाहेरच्या उंचीवर, आणि इथेच पैसे वाया जातात. 1.9 च्या रिमवर 4.19 इंची टायरही येतो आणि 4.75 इंचीही. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-4 डिफेंडरला कंपनीचेच टायर 4.6 इंची असतात, ॲक्सियलच्या एससीएक्स10-III जीपला 4.7 च्या घरातले. 4.19 ची मर्यादा असलेल्या क्लासमध्ये या दोन्ही गाड्या डब्यातून काढल्या तशा चालणार नाहीत. ॲक्सियलची कॅप्रा घेतलीत, मागच्या एक्सललाही स्टिअरिंग बसवलंत, आणि आयोजकाच्या कागदावर ‘मागचं स्टिअरिंग नको’ असं लिहिलेलं निघालं, तर तो खर्च कोण भरून देणार? ‘डिग’चंही तेच. मागचा एक्सल अडकवून पुढच्या चाकांवर गाडी जागच्या जागी वळवणं काही क्लासमध्ये चालतं, काहींत नाही. म्हणून आधी नियमावली मिळवा आणि पाच गोष्टींवर खूण करा: टायरची उंची, चाकांमधलं अंतर, बॉडी कितपत खऱ्या गाडीसारखी हवी, मागचं स्टिअरिंग, डिग. त्यानंतर गाडीचं नाव काढा.

‘बरं, आता तरी नाव सांगा.’ सांगतो, पण प्रत्येक नावामागे अट आहे.

टीआरएक्स-4 मध्ये पोर्टल एक्सल आहेत. चाकाजवळ गिअर असल्यामुळे एक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते, दगड पोटाखालून निघून जातो. शिवाय वेग उतरवण्याचं शेवटचं काम चाकापाशीच होत असल्याने शाफ्टवर ताण कमी, आणि ट्रिगर दाबल्यावर चासी एका कुशीला पिळते तो त्रासही कमी. दोन्ही डिफ, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर, रिमोटवरून सोडता-बांधता येतात. मागचं सोडलं की गाडी लहान जागेत वळते. पण ही गाडी जड आहे, डिफेंडरची बॉडी उंच आहे, आणि आडव्या उतारावर ती उंची बाधते. सरळ एक्सलच्या, म्हणजे चाकाजवळ असा गिअर नसलेल्या गाड्यांत एलिमेंट कंपनीची एंड्युरो मला पहिल्या गाडीसाठी पटते, कारण तिच्या गिअरबॉक्समध्येच ओव्हरड्राइव्ह बदलता येतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरली की चढावर नाक ओढलं जातं आणि वळणही आवळतं. ॲक्सियलची एससीएक्स10-II जुनी, पण तिचे सुटे भाग आजही सगळ्यांत सहज सापडतात. व्हॅनक्विश कंपनीची किट, म्हणजे सुट्या भागांत येणारी, स्वतः जोडायची गाडी, सुंदर असते आणि महाग असते. पहिल्या वर्षी तिची गरज नाही, असं माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

किट की आरटीआर, म्हणजे डब्यातून काढून थेट चालवायची तयार गाडी, हा वाद मी स्वतःशीच घालत आलोय. पूर्वी मी सगळ्यांना एकच सांगायचो: किट घ्या, स्वतः जोडा, गाडी हाताला कळते. त्या म्हणण्यात आजही दम आहे. गेटवर, म्हणजे कोर्समध्ये दोन काठ्यांमधून गाडी न्यायची त्या जागी, स्क्रू निघून पडला तर तो कुठला हे जोडणाऱ्यालाच कळतं. पण किटमध्ये सहसा मोटार नाही, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा भाग) नाही, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटार) नाही, रिमोट नाही, टायरसुद्धा असतीलच असं नाही. नवखा माणूस या पाच गोष्टी पाच जणांचा सल्ला घेऊन आणतो आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून आता आरटीआर सुचवतो, एका अटीवर: आणल्यावर ती एकदा पूर्ण उघडायची. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद), प्लास्टिकमधल्यांना नाही. पिनियन (मोटारीवरचा लहान गिअर) आणि त्याला लागलेला मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटार घट्ट करायची, मग पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर घड्या उमटायला हव्यात, ती फाटायला नको. डिफमध्ये ग्रीस आहे का ते बघायचं. हे करणार नसाल, तर किटच्या बाजूने बोलणारा माझ्यातला जुना माणूस बरोबर ठरतो, आणि त्याच्याशी माझा वाद मिटलेला नाही.

आता जो प्रसंग सविस्तर सांगायला हवा तो सांगतो. नवख्यांच्या गाडीवर तो पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचं निदान बहुतेक वेळा चुकतं.

गाडी आरटीआर. कुणीतरी म्हणालं म्हणून मालकाने 35 किलो ताकदीचा सर्व्हो टाकलाय. गेट चढावर आहे. पुढचा उजवा टायर दोन दगडांच्या फटीत, नाक वर, गाडी ड्रॅग ब्रेकवर, म्हणजे ट्रिगर सोडला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर, उभी. डावीकडे वळायचंय म्हणून चालक स्टिअरिंग पूर्ण फिरवतो. टायर दगडाला अडलाय, सर्व्होला हलता येत नाही, आणि अडलेला सर्व्हो सर्वांत जास्त करंट खेचतो. मोठ्या सर्व्होला त्या क्षणी 5 अँपिअर किंवा त्याहून जास्त लागू शकतात. ते येणार ईएससीच्या पोटातल्या बीईसीमधून, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागातून, आणि नेहमीच्या ईएससीत तो 3 अँपिअरच्या आसपासचा असतो. मागणी झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर त्याच तारेवर जगतो. तो विझतो आणि पुन्हा सुरू होतो. तेवढ्या वेळात ईएससीला सिग्नल नाही, मोटार मोकळी, ब्रेक सुटलेला. गाडी मागे घसरते, गेटच्या काठीला लागते, नाही तर पालथी होते. काठीचे दंडाचे गुण, उलटल्याचे वेगळे, हात लावून सरळ केली तर आणखी. एका गेटमध्ये अख्ख्या कोर्सची मेहनत गेली.

मालक म्हणतो, ‘रिमोटची रेंज गेली.’ रेंज कशी जाईल? तो गाडीपासून चार पावलांवर उभा आहे. मग कुणी म्हणतं, मोटार कमी पडली. नवी मोटार येते. पुढच्या वेळी तोच दगड, तोच प्रकार, कारण दुखणं मोटारीत नव्हतंच. तिसरा म्हणतो, सर्व्हो आणखी ताकदीचा घे. त्याने तर दुखणं वाढतं.

तपासायला एक मिनिट पुरतं. गाडी हातात धरा, पुढची चाकं घट्ट पकडा, स्टिअरिंग एका टोकाला न्या आणि रिसीव्हरच्या दिव्याकडे बघा. एक-दोन सेकंद, जास्त नाही; सर्व्हो तापतो. दिवा लुकलुकला तर कारण सापडलं. मल्टिमीटरवर विसंबू नका, इतक्या क्षणिक घसरणीला तो पकडेलच असं नाही. उपाय म्हणजे वेगळा बीईसी, 10 अँपिअरचा. त्याच्या इनपुटच्या तारा बॅटरीच्या तारांना जोडायच्या, आउटपुट थेट सर्व्होच्या लाल-काळ्या तारांना. सर्व्होची सिग्नलची तार रिसीव्हरकडे, आणि काळी तार रिसीव्हरच्या काळ्या तारेशी जोडलेली राहिलीच पाहिजे, नाही तर सर्व्हो थरथरेल. रिसीव्हरला ईएससीचा आतला बीईसी पोसतो, म्हणजे सर्व्होने कितीही ओढलं तरी रिसीव्हर जागा. बीईसीचं व्होल्टेज सर्व्होच्या कागदावर लिहिलंय त्याच्या वर न्यायचं नाही: कुणाला 6, कुणाला 7.4, कुणाला 8.4 चालतं. आणि रिमोटवरचे एंड पॉइंट (सर्व्होने कुठवर वळायचं त्या मर्यादा) असे लावा की चाक पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत राहणार नाही. तो गुणगुणतोय म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही तो भिंत ढकलतोय.

मी नाव सांगायला का कचरतो, ते इथे कळावं. या प्रसंगात गाडी कुठलीही असो, ती हरली असती. दहा रुपये असतील तर पाच गाडीला, दोन टायर आणि त्यांच्या आतल्या फोमला, दोन सर्व्हो आणि बीईसीला, एक बॅटरी-चार्जरला, असं मी म्हणतो. ‘मग स्वस्तातली गाडी घ्यावी लागेल,’ असं कुणी म्हणतं. हो, घ्यावी लागेल.

टायर मऊ रबराचे हवेत. फोम दोन थरांचा असेल तर आतला घट्ट आणि बाहेरचा मऊ: मऊ थर दगडाला बिलगतो, घट्ट थर आडव्या उतारावर टायर दुमडू देत नाही. आरटीआरमध्ये येणारा एकथरी फोम काही दिवसांनी बसतो. रिम बीडलॉकचे, म्हणजे टायर स्क्रूने आवळून धरणारे घ्या, म्हणजे फोम बदलताना गोंद सोडवत बसावं लागणार नाही. वजन पुढे आणि खाली असावं. पुढची चाकं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवून मोजा, मग उलटं करा. एकूण वजनाच्या 55 ते 60 टक्के पुढे आलं की थांबा. पितळ घालायचं ते नकल (पुढचं चाक वळतं तो सांधा) आणि एक्सलपाशी. बॅटरीच्या पाटावर शिसं चिकटवणाऱ्यांना मी अजून थांबवू शकलेलो नाही. पुढे फार वजन झालं तर उभ्या उतारावर गाडी नाकावर उलटते.

मोटार साधी 35 किंवा 45 टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रश्ड पुरेशी आहे. 3 सेलची लायपो बॅटरी लावणार असाल तर पिनियन लहान करा. ब्रशलेसमध्ये हॉबीविंगची फ्यूजन, म्हणजे मोटार आणि ईएससी एकाच डब्यात, फारच संथ चालते, आणि क्रॉलरमध्ये संथपणा विकत घेण्यासारखाच आहे. ड्रॅग ब्रेक 100 टक्के ठेवा. फळी 45 अंशांवर टेकवून गाडी मध्यावर सोडा. ट्रिगर सोडल्यावर ती बोटभरही सरकली तर पुन्हा सेटिंग बघा.

आपल्याकडच्या दगडाबद्दल कुणी विचारत नाही, मी मात्र सांगणार. व्हिडिओंत दिसतं ते अमेरिकेतल्या मोआबसारख्या ठिकाणचं वालुकाश्म, रबर धरून ठेवणारं. आपला काळा कातळ उन्हाळ्यात छान पकडतो, पण जूनमध्ये पाऊस लागला की त्यावर शेवाळ येतं आणि मऊ रबराचाही इलाज चालत नाही. तिथे मोकळ्या, खोल गाठींचा टायर, जो कड शोधून धरतो. ठाण्याच्या येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्याला पावसाळ्यात बंदी असते. सरावासाठी तिथे जायचंच नाही. बांधकामावरून सात-आठ डबर मागून आणा, गच्चीत रचा, गाडीच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त अंतरावर दोन काड्या रोवा आणि रिव्हर्स न घेता पार करा. एवढा सराव पुरतो. खाडीकाठच्या चिखलात गाडी नेलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. ईएससी वॉटरप्रूफ असला तरी बेअरिंग नसतात. मिठाच्या पाण्याने ती खरखर करू लागतात. फोमने पाणी प्यायलं की टायर जड होतो, तो रिममधून काढून वाळवावा लागतो.

परदेशातून गाडी मागवायचा विचार असेल तर सीमाशुल्क आणि भागांची वाट हे दोन्ही हिशोबात धरा. सर्व्हो हॉर्न, शाफ्ट आणि चाकाचे 12 मिमी हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) गाडीबरोबरच जादा मागवा, कारण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मोडतं ते यातलंच. लायपो विमानाने सहसा येत नाही, ती इथेच घ्या, आणि चालवून झाल्यावर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टला आणून ठेवा.

क्लास कळवा, मग नाव सांगतो. पोर्टल की सरळ एक्सल, हे त्या वेळीही मला पूर्णपणे ठरवता येईल असं नाही. चार-पाच जण समोर बसलो की प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं आणि प्रत्येकाच्या बाजूला दगड दाखवता येतो.