तुम्ही विचारलंत म्हणून : याला ‘नाही’ कोण म्हणतंय?

प्रश्न नेहमीचाच आहे. पालक विचारतात तेव्हा तो असा येतो : “मॅडम, मुलाचं इंग्रजी तसं बरं आहे हो, पण ते आर्ग्युमेंटेटिव्ह एसे म्हणतात ना, तिथे गाडी अडते. कोणते शब्द पाठ करायला सांगू?” मुलं स्वतः विचारतात तेव्हा दोनच शब्द असतात : “मॅम, फॉरमॅट?” तास संपल्यावर, दारात उभ्याउभ्या याचं उत्तर देणं मला कधीच जमलेलं नाही. काहीतरी थातूरमातूर सांगते आणि नंतर चुटपुट लागून राहते. म्हणून एकदा बसून लिहितेय.

असा एसे म्हणजे वादनिबंध : एक बाजू घ्यायची आणि ती कारणं देऊन पटवायची. त्यासाठी शब्द नकोत, आणि फॉरमॅटही इतक्यात नको. आधी भांडण कुणाशी आहे ते ठरवा.

हे मला कळलं ते स्वतःची फजिती झाल्यावर. कॉलेजात पहिल्या वर्षी मी वाचनाच्या महत्त्वावर इंग्रजीत चार पानं लिहून दिली होती. शब्दकोशातून वेचून आणलेले जडजंबाल शब्द, दर परिच्छेदाच्या तोंडाशी ‘मोअरओव्हर’ नाहीतर ‘फर्दरमोअर’, आणि मध्ये पेरलेली तीन सुभाषितं. कागद परत आला तेव्हा त्यावर व्याकरणाची एकही खूण नव्हती. मी खूश. मग तळाशी पेन्सिलने लिहिलेलं दिसलं : “हू सेज इट इजन्ट?” वाचन महत्त्वाचं नाही असं म्हणतंय कोण? मला सरांचा भयंकर राग आला. विषय त्यांनीच तर दिला होता! (विषयच चुकीचा होता, असं मला आजही वाटतं.) पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि आता मीच तो दुसऱ्यांच्या कागदांवर लिहीत असते.

आपला निबंधाचा हात तयार होतो तो वर्णनावर. ‘माझा आवडता ऋतू’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्यातल्या त्यात ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय खरं तर वादाचा. पण आपण काय करायचो? एक पान वरदान, एक पान शाप आणि शेवटी ‘सारे काही वापरणाऱ्याच्या हाती आहे’ असं म्हणून अंग काढून घ्यायचं. बाई खूश, आपण खूश, विज्ञानही खूश. इंग्रजी वादनिबंधात नेमका हाच शेवट मार खातो. वाचणारा पहिल्या परिच्छेदापासून वाट बघत असतो, की बाबा रे, तुझं म्हणणं काय?

आता म्हणणं कशाला म्हणायचं, इथेही घोळ होतो. ‘धूम्रपान शरीराला घातक आहे’ ही माहिती झाली. ‘मला गणितापेक्षा इतिहास आवडतो’ ही आवड झाली, तिच्याशी वाद कसला घालणार? विषयाची जाण असलेला, भल्या मनाचा माणूस ज्यावर ‘छे, मला नाही पटत’ म्हणू शकेल, ते म्हणणं. इंग्रजीत त्याला थीसिस म्हणतात. पुष्कळ मुलांना वाटतं, थीसिस म्हणजे ‘धिस एसे विल डिस्कस’ने सुरू होणारं वाक्य. ती नुसती दवंडी आहे. दवंडीशी कुणी असहमत होत नाही.

एका मुलाचा निबंध सांगते, म्हणजे नुसतं बोलणं होणार नाही. विषय होता, कॉलेजात हजेरी सक्तीची असावी का. त्याच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी : ‘नावडेज अटेन्डन्स इज अ व्हेरी इम्पॉर्टंट इश्यू. एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स.’ मी म्हटलं, नाणं खिशात ठेव. तुला काय वाटतं ते सांग.

“सक्ती नको.”

“का?”

“कारण मी घरी जास्त अभ्यास करतो.”

“तू करतोस. बाकीच्यांचं काय?”

बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करून झालं. मग म्हणाला, “कारण वर्गात बसणं म्हणजे शिकणं नव्हे.”

हे त्याच्या खर्ड्यात कुठेही नव्हतं. सगळा निबंध ज्यावर उभा राहायचा, तेच वाक्य त्याने गृहीत धरलं होतं आणि म्हणून लिहिलंच नव्हतं. मुलांचे निबंध तपासताना मला सर्वांत जास्त वेळा सापडतं ते हेच भगदाड.

न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, धुराचं उदाहरण पुष्कळांनी ऐकलेलं असतं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतोय, हा हेतू. इथेच थांबलात तर समोरचा विचारू शकतो, धुराचा आगीशी काय संबंध? म्हणून तिसरी पायरी येते, उदाहरण : जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. त्यानंतर उपनय (या डोंगरावरही तसाच धूर आहे) आणि निगमन (म्हणून इथेही आग आहे). आपण बोलताना पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतो, तिसरी ऐकणाऱ्याने भरून घ्यायची असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात पुरावा आणि दावा यांना जोडणाऱ्या, बहुतेक वेळा न बोललेल्या या दुव्याला ‘वॉरंट’ असं नाव आहे. इंग्रजीतून लेखन शिकवणाऱ्या वर्गांत आजही ती मांडणी वापरतात. दोन्हींचा तपशील एक नाही, पण मुलाला शिकवताना मी दोन्ही वापरते आणि धूर जास्त लवकर कळतो.

‘हजेरीची सक्ती नको, कारण व्याख्यानं ऑनलाइन मिळतात.’ मिळतात, मग? मधला दुवा असा, की पडद्यावर व्याख्यान बघणं आणि वर्गात बसून ऐकणं एकाच तोलाचं. हे मोठ्याने म्हणून पाहिलं की लिहिणाऱ्यालाच शंका येते. यायलाच हवी. शंका आली की एकतर तो दुवा पक्का करण्यासाठी तो काही शोधेल, नाहीतर ते कारण काढून टाकेल. ‘कारण’ लिहून झालं की स्वतःला ‘बरं, मग?’ विचारायचं, एवढीच युक्ती आहे.

मग मी त्या मुलाला विरुद्ध बाजूने लिहायला सांगितलं. पहिल्यांदा आलं ते बुजगावणं : ‘काही लोकांना वाटतं की विद्यार्थी आळशी असतात.’ असले ‘काही लोक’ आपणच उभे करायचे आणि आपणच पाडायचे, त्यात काय पराक्रम? म्हटलं, तू प्राचार्य आहेस. मूर्ख नाहीस. मुलांचं भलं व्हावं असं तुला मनापासून वाटतं, आणि तरीही तुला सक्ती हवी आहे. का?

दुसऱ्या दिवशी आला तेव्हा चेहरा पडलेला होता. “मॅम, सक्ती काढली तर हुशार मुलं गळणार नाहीत. ज्यांना वर्गाची सगळ्यांत जास्त गरज आहे, तीच आधी गळतील.” आणि मग, “हे तर बरोबर आहे. आता मी काय लिहू?”

मला विचाराल तर निबंध तिथे सुरू झाला. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडतात, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला उत्तर, मग सिद्धान्त, म्हणजे आपलं ठरलेलं म्हणणं. पूर्वपक्ष जितका तगडा, तितकं सिद्धान्ताला वजन. पण मुलांना ते दुसऱ्याचं म्हणणं ‘खोडून काढणं’ एवढंच वाटतं. नुसतं खोडायचं आणि स्वतःची बाजूच मांडायची नाही, त्याला नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्रवाल्यांनी, वितंडा म्हटलं आहे. आपल्या मुलाने मात्र माघार घेतली, थोडीशीच. त्याचं म्हणणं बदललं : पहिल्या वर्षी, वर्गात बसायची आणि शंका विचारायची सवय लागेपर्यंत, सक्ती असावी, पुढे नको. आधीचं म्हणणं घोषवाक्य होतं. हे एका विचार केलेल्या माणसाचं वाटतं.

इंग्रजीत ते एका वाक्यात बसलं : ‘ऑल्दो कम्पल्सरी अटेन्डन्स हेल्प्स फर्स्ट-यिअर स्टुडंट्स सेटल इन, इट शुड एंड आफ्टर दॅट यिअर.’ ‘ऑल्दो’च्या पोटात पूर्वपक्ष, स्वल्पविरामाच्या पलीकडे सिद्धान्त. थीसिस जमत नसेल त्याने आधी ‘ऑल्दो’ लिहावं, मग पुढे काय येतं ते बघावं. विरुद्ध बाजूचा परिच्छेद कितवा घ्यायचा यावर मुलं फार वाद घालतात. कितवाही घ्या, शेवटचा नको. नाहीतर वाचणारा त्यांचंच म्हणणं डोक्यात घेऊन उठतो.

आता इंग्रजी. तुम्ही म्हणाल, अखेर आलात मुद्द्यावर.

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिताना सगळ्यात जास्त त्रास कोण देत असेल तर आपला ‘च’. ‘हेच कारण आहे’ म्हणताना तो ‘च’ किती काम करतो! इंग्रजीत जाताना त्याचा ‘ओन्ली’ होतो : ‘धिस ओन्ली इज द रीझन’. इंग्रजीत जोर द्यायचा तर वाक्य फिरवावं लागतं : ‘इट इज द फर्स्ट यिअर दॅट मॅटर्स’. एका मुलीने तिच्या निबंधातले सगळे ‘ओन्ली’ मोजले, चौदा निघाले. त्यातले दोन ठेवले.

दुसरं, ‘अकॉर्डिंग टू मी’. ‘माझ्या मते’चं हे सरळसोट भाषांतर आहे, आणि इंग्रजीत ते दुसऱ्याचं मत सांगताना वापरतात. ‘आय थिंक’ चालतं, तेही रोज रोज नको. निबंधावर नाव तुमचं आहे म्हटल्यावर मत तुमचंच असणार.

तिसरं, जोडशब्द. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आणि ‘ऑन द अदर हँड’ हे जुळे भाऊ नव्हेत. पहिला आधीचं विधान नाकारतो, दुसरा फक्त दुसरी बाजू पुढे ठेवतो. ‘मोअरओव्हर’ म्हणजे ‘शिवाय’, आणि दर परिच्छेदाला ‘शिवाय’ म्हणणारा माणूस वाद घालत नाही, यादी वाचतो. मी एक खेळ खेळायला लावते : सगळे जोडशब्द पेन्सिलने खोडा आणि त्या जागी मराठीत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘पण’ यांतला एक लिहा. जिथे यांतला एकही बसत नाही आणि नुसतं ‘आणि’ बसतं, तिथे विचार पुढे सरकलेला नाही.

आणि ‘ऑल’, ‘एव्हरीवन’, ‘ऑलवेज’ पाहिले की कान टवकारा. ‘सगळे विद्यार्थी कंटाळतात’ हे पाडायला न कंटाळलेला एक विद्यार्थी पुरतो. ‘मेनी’, ‘ऑफन’, ‘मे’, ‘टेंड टू’ हे शब्द मुलांना भित्रे वाटतात. जेवढं सिद्ध करता येतं तेवढंच बोलायचं, ही काही भीती नव्हे.

कुणी असंही विचारतं, की आपण मुद्द्यावर फिरून फिरून येतो तो आपल्या भाषेचा स्वभावच ना? १९६६ साली रॉबर्ट कॅपलन या अमेरिकी अभ्यासकाने परभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनावरून वेगवेगळ्या भाषागटांच्या विचारांच्या वाटा रेघांनी काढून दाखवल्या होत्या. इंग्रजीची रेघ सरळ खाली जाणारी, ‘पौर्वात्य’ म्हणून दाखवलेली रेघ गोलगोल आत वळणारी. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. मराठीत सडेतोड लिहिणाऱ्यांची काय कमी आहे? पण एक खरं, मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, ‘आहे’ की ‘नाही’ हे कळायला पूर्णविरामापर्यंत थांबावं लागतं, आणि आपल्याला त्या थांबण्याची सवय असते. इंग्रजी वाचकाला नसते. परिच्छेदाचं म्हणणं पहिल्याच वाक्यात टाका, कारणं मागून येऊ देत.

परीक्षेपुरतं विचारणाऱ्यांसाठी : आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनातल्या दुसऱ्या प्रश्नाला साधारण ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द असतात. गुण चार गोष्टींना समसमान : प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीची सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण. म्हणजे निम्मे गुण भाषेचे आहेत, हे मी नाकारत नाही. पण पालक विचारतात ते नेहमी त्याच निम्म्याबद्दल. ४० मिनिटांतली पहिली सात-आठ मिनिटं कागदावर मराठीत भांडा. कुणी बघत नाही. मराठीत जे भांडता येत नाही ते इंग्रजीतही येत नाही.

शेवटच्या परिच्छेदाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘इन कन्क्लूजन’ म्हणून पहिला परिच्छेद शब्द बदलून पुन्हा लिहायचा, असं शिकवलेलं असतं. त्यापेक्षा, तुमचं म्हणणं मान्य केलं तर पुढे काय करावं लागेल ते सांगा. त्या मुलाने लिहिलं होतं, की सक्ती काढल्यावर दुसऱ्या वर्षी एखाद्या तासाला वर्ग रिकामा राहिला, तर हजेरी विद्यार्थ्यांची नको, त्या तासाची घ्या. इंग्रजीत ‘टेक द अटेन्डन्स ऑफ द लेक्चर’ असं झालं. हे इंग्रजीत बसत नाही, हे त्यालाही कळत होतं. पंधरा मिनिटं आम्ही दोघांनी त्याला पर्याय शोधला, तीन लिहिले, तिन्ही खोडले आणि शेवटी त्याचंच ठेवलं.