ठाण्यापुढचा लोहमार्ग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली, ही गोष्ट आम्हा ठाणेकरांना शाळेपासून पाठ असते आणि तिचा आम्हाला रास्त अभिमान आहे. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दृष्टीने ते ३४ किलोमीटर म्हणजे केवळ आरंभ होता. खरी कसोटी सह्याद्रीत लागणार होती. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांवर लादून घाट उतरत मुंबई बंदरात येई आणि विलायतेच्या गिरण्यांना तो लवकर व भरपूर हवा होता. लोहमार्ग घाटावर नेण्याची घाई या व्यापारापोटी होती, हे मला स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते.

मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी थळघाट आणि बोरघाट अशा दोन्ही वाटा आखल्या. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरांत १,८०० फुटांहून अधिक उंची गाठायची होती, काही ठिकाणी चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र होता, आणि एका टप्प्यावर तर वळणालाही जागा नसल्याने गाडीची दिशाच उलटवण्यासाठी रिव्हर्सिंग स्टेशन बांधावे लागले. काळ्या कातळात सुरुंग लावून २५ बोगदे खोदले गेले. जेथे पाय टेकायला आधार नव्हता, तेथे मजुरांना दोराने कड्यावरून खाली सोडत. १८६१ मध्ये या एका घाटात ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. अमेरिकेत लोहमार्गासाठी सिएरा नेवाडा पर्वताचा ग्रॅनाइट फोडणाऱ्या चिनी मजुरांची आठवण आता तेथे आवर्जून काढली जाते. आपल्या घाटातील मजुरांना तेवढाही मान मिळालेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच अल्पावधीत मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट न सोडता अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले, आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. थळघाट १८६५ मध्ये पूर्ण झाला. पुढे सपाटीवर काम झपाट्याने सरकले: १८६७ मध्ये नागपूर, आणि मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडणी. सुएझचा कालवा त्याआधी चारच महिने खुला झाला होता, त्यामुळे विलायतेची डाक मुंबईत उतरवून थेट रेल्वेने कलकत्त्याला धाडता येऊ लागली.