डेबियनचा नेता निवडताना

डेबियन ही जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली मुक्त संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. या डेबियन प्रकल्पाच्या नेत्याची निवडणूक दरवर्षी होते. मतदान गुप्त असते, मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि काँडोर्से पद्धतीने, म्हणजे प्रत्येक उमेदवाराची इतर प्रत्येकाशी समोरासमोर तुलना करून, निकाल काढला जातो. कोणीच पसंत नसेल तर तसे नोंदवण्याची सोयही मतपत्रिकेवर असते. पद्धत इतकी काटेकोर असूनही १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात २०२४ च्या निवडणुकीपर्यंत एकही स्त्री या पदावर निवडून आली नव्हती. केरळच्या श्रुती चंद्रन २०२०, २०२१ आणि २०२४ साली उभ्या राहिल्या आणि विविधतेचा प्रश्न त्यांनी आपल्या भूमिकेच्या केंद्रस्थानी ठेवला. पहिल्या दोन वेळा जोनाथन कार्टर निवडून आले, तिसऱ्या वेळी आंद्रेआस टिले.

हे निकाल म्हणजे भेदभावाचा पुरावा आहे, असे मी म्हणणार नाही. कार्टर कामाचा माणूस होते, शिवाय ते दक्षिण आफ्रिकेचे, त्यामुळे निदान भूगोलाच्या अंगाने ती निवड चाकोरीतली नव्हती. मला खटकते ते प्रत्येक वेळी पुढे येणारे एक वाक्य: आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आपल्याकडे हे वाक्य ऐकले की लगेच आरक्षणाचा वाद आठवतो, पण इथे राखीव जागा नाहीत, एकच पद आहे. तेव्हा त्या पदासाठी गुणवत्ता नेमकी कशाची पाहायची, एवढाच प्रश्न उरतो.

डेबियनच्या घटनेनुसार नेता तांत्रिक वाद मिटवत नाही. त्यासाठी तांत्रिक समिती आहे. नेता निरनिराळ्या कामांसाठी प्रतिनिधी नेमतो, प्रकल्पाच्या नावे ठेवलेल्या पैशाच्या खर्चाला मंजुरी देतो, अडलेल्या चर्चा पुढे नेतो आणि बाहेरच्या जगात प्रकल्पाची बाजू मांडतो, आणि या सगळ्याबद्दल त्याला पगार मिळत नाही. म्हणजे हे काम माणसे आणि पैसा सांभाळण्याचे आहे. तरीही उमेदवाराची लायकी जोखताना त्याने किती पॅकेजेस (म्हणजे प्रणालीत बसवण्यासाठी बांधून तयार केलेली सॉफ्टवेअर) सांभाळली, किती अवघड बग सोडवले, याकडेच नजर जाते. उत्तम गायकाला नाट्यगृहाचा व्यवस्थापक नेमावे, तसे हे आहे.

दुसरी अडचण मतदानाच्या बरीच आधी सुरू होते. उमेदवार व्हायचे तर आधी डेबियन डेव्हलपर, म्हणजे प्रकल्पाचा अधिकृत सदस्य, असावे लागते आणि डेव्हलपर व्हायचे तर आपली ओपनपीजीपी की, म्हणजे आपली ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, आधीच्या डेव्हलपरांकडून साइन करून (खरी असल्याची ग्वाही देऊन) घ्यावी लागते. त्यासाठीची रूढ रीत म्हणजे प्रत्यक्ष भेटून सरकारी ओळखपत्र दाखवणे. हा नियम मला पटतो. ज्याने बनवलेले पॅकेज जगभरातल्या सर्व्हरवर जाणार, तो माणूस खरा आहे की नाही हे तपासलेच पाहिजे. पण जर्मनीत राहणाऱ्याला जे एका संध्याकाळच्या भेटीत उरकता येते, त्यासाठी नांदेडच्या किंवा चिपळूणच्या मुलीला घरच्यांची परवानगी, रजा आणि दुसऱ्या शहराचे तिकीट अशी सगळी जमवाजमव करावी लागते. वार्षिक परिषद युरोपात असली की व्हिसाचे प्रकरण वेगळेच; २०२३ साली ती कोचीत भरली, तेव्हा कुठे भारतात पहिल्यांदा आली. एवढ्या चाळण्यांतून जे उरतात, त्यांच्यातून गुणवत्तेने नेता निवडला जातो हे मान्य. मात्र त्या चाळण्या गुणवत्तेच्या नव्हेत.

याच प्रकल्पाने २०१० साली एक शहाणपणाचा ठराव केला होता. भाषांतर, दस्तऐवज, रचना अशी पॅकेजिंगखेरीजची कामे करणाऱ्यांनाही सदस्य म्हणून, मताधिकारासह, सामावून घ्यावे असे त्यात ठरले. त्यामुळे दर्जा घसरला, असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे उदाहरण याहून बोलके आहे. जुलै २०१८ मध्ये, एका नव्या चिन्हावरून झालेल्या कडाक्याच्या वादानंतर, ही भाषा बनवणारे गिदो व्हान रॉसम यांनी प्रमुखपद सोडले आणि पुढे पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ आले. २०१९ च्या पहिल्या मंडळात कॅरोल विलिंग होत्या आणि स्वतः गिदोही होते. या मंडळाच्या नियमांत एक कलम आहे: एकाच कंपनीत काम करणारे दोनपेक्षा अधिक सदस्य मंडळावर असू शकत नाहीत. समजा, सर्वाधिक मते मिळवणारे तिघे एकाच कंपनीचे निघाले, तर तिसऱ्याला, मते अधिक असूनही, बाहेर राहावे लागते. ही विविधतेसाठी घातलेली मर्यादाच आहे, फक्त ती मालकाच्या नावावर बेतलेली आहे, आणि तिच्यामुळे गुणवत्तेचा बळी गेला अशी ओरड होत नाही. एका कंपनीची पकड बसली तर निर्णय एकांगी होतील, हे सगळ्यांना चटकन पटते. मग एकाच खंडातल्या, एकाच वर्गातल्या पुरुषांच्या हाती निर्णय राहिले तर ते एकांगी होऊ शकतात, एवढेच पटायला वेळ का लागावा?

एखाद्याला केवळ स्त्री म्हणून किंवा भारतीय म्हणून मत द्यावे, असे मला वाटत नाही आणि उमेदवारांनाही ते रुचणार नाही. मला मताधिकार असता, तर मी प्रत्येक उमेदवाराला दोनच गोष्टी विचारल्या असत्या: येत्या वर्षात तुम्ही कोणाला प्रतिनिधी नेमणार आहात, आणि पहिली की साइन करून घेण्यासाठी ज्याला रात्रभर प्रवास करावा लागतो, त्याच्या तिकिटासाठी प्रकल्पाच्या पैशातून किती रक्कम मंजूर करणार आहात?