‘कालिया मर्दन’ला साथ बसवताना

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाला (१९१९) प्रत्यक्ष वाजवून साथ करायची तर आधी प्रत कोणत्या वेगाने चालणार ते पक्कं करा. ३५ मिमीचं हजार फुटी रीळ सेकंदाला १६ फ्रेमने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ ने जेमतेम ११ मिनिटं. तालीम एका वेगावर नि प्रयोग दुसऱ्यावर झाला की सगळं कोलमडतं.

सुरुवातीला कृष्ण झालेली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने भाव बदलत जाते. काय विलक्षण मुलगी! तिथे तबला नकोच, एकटी बासरी पुरे.

कालियाशी झुंजीत तिहाईचा, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याचा, मोह आवरा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत १६ मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, ८ सेकंदांचं. चित्र समेसाठी थांबत नाही. कुठेही तोडता येईल असा लेहरा (तालाच्या फेरीबरोबर पुन्हापुन्हा वाजणारी धून) ठेवा. पेटीवाल्याला पडदा सरळ दिसायला हवा, इशारा त्यानेच द्यायचा.