सुतारमेट ते मधपेटी : आमची वाटचाल

आमच्या पाटीवर ‘स्थापना १९७४’ असं रंगवलंय, पण त्या साली कुणी नारळबिरळ फोडला नव्हता. मेढ्यात आमच्या आबांचं सुतारमेट होतं. औतं, तिफणी, दाराच्या चौकटी, देव्हारे अशी कामं चालायची. एक दिवस डोंगरावरून एक गृहस्थ खांद्यावर मोडकी मधपेटी घेऊन उतरले आणि म्हणाले, अश्शीच एक करून द्या. आबांनी केली. सागाची, आतून-बाहेरून पॉलिश मारून, पितळी कडी लावून. आठ दिवसांनी ते गृहस्थ आले, झाकण काढलं, पोळ्याची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बोट घातलं आणि म्हणाले, “सुतार, इथनं कोंबडी जाईल.” मग पेटी हुंगली आणि न घेताच निघून गेले.

तेच आमचे मामा. सख्खे कुणाचेच नव्हते, पण पुढची पंचवीस वर्षं ह्या धंद्यात निम्मा वाटा त्यांचा होता, तोही कागदावर नाही.

जाणत्यांना सांगायला नको, पण मधपेटीत लाकडापेक्षा रिकामी जागा महत्त्वाची. दोन पोळ्यांमध्ये, चौकट आणि भिंतीमध्ये सातेरीला, म्हणजे आपल्या देशी पाळीव माशीला, सात-आठ मिलिमीटरची वाट लागते. जास्त ठेवली तर ती तिथे आडवंतिडवं पोळं बांधते आणि पुढच्या वेळी चौकट उचलताना सगळं फाटतं. कमी ठेवली तर माशी तिथे पोचतच नाही, आणि माशी पोचत नाही तिथे पोळं खाणारा मेणकिडा संसार थाटतो. आबांनी शिवणीच्या लाकडाची एक पट्टी तासली, बरोबर आठ मिलिमीटर जाडीची. शिवण हलकी, आणि पावसाळ्यात पीळ खात नाही. ती ‘आठाची पट्टी’ अजून माझ्या टेबलामागच्या खिळ्याला आहे. हात लागून लागून काळी झालीय, एका टोकाला आबांच्या पटाशीचा घाव आहे. आता आमच्याकडे कटिंग मशीन आहे, डिजिटल कॅलिपर आहे, तरी पेटी बाहेर पडण्याआधी पट्टी फिरते. अडली तर पेटी परत.

पॉलिश त्या दिवसापासून बंद. बाहेरून रंग, आतून कोरं लाकूड.

मामा माशी आणायचे, आबा पेटी द्यायचे. मामा ओढ्याकाठी तासभर बसायचे. पाण्यावर आलेली सातेरी उडाली की कुठल्या दिशेला जाते ते बघायचे, मग पन्नास पावलं पुढे जाऊन पुन्हा बसायचे. असं करत करत जांभळाच्या किंवा हिरड्याच्या ढोलीपर्यंत जायचे. शेणीचा थोडा धूर, तोंडावर बुरखा नाही, हात कोपरापर्यंत आत. पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटीला बांधायची, आणि राणी सापडली की काडेपेटीत. एकदा राणी पेटीत गेली की बाकीचा गोतावळा आपसूक मागे येतो. मी शाळेत असताना ती काडेपेटी कानाला लावून ऐकलीय. आत काहीतरी चालतंय एवढंच कळायचं.

१९९१ साली आमची सगळ्यात मोठी ऑर्डर आली. कूर्गकडची, ४०० पेट्यांची. आबांनी कर्ज काढून लाकूड भरलं, तीन कारागीर ठेवले. पहिल्या शंभर पेट्या घेऊन आबा आणि मामा स्वतः ट्रकमधून गेले. परत आले तेव्हा दोघं दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिकडे थाई सॅकब्रूड पोचला होता. हा विषाणूचा रोग, अळीला होतो. मामांनी नंतर मला सांगितलं ते असं : पिलाव्याच्या, म्हणजे वाढणाऱ्या पिल्लांच्या, कप्प्यांची झाकणं उघडी, आत अळी ताठ उभी, डोकं टोकदार. काडीने उचलली तर अळी निघत नाही, पाण्याने भरलेली पिशवी निघते. राहिलेल्या माश्या घर सोडून जातात. त्या दोन-तीन वर्षांत कर्नाटक, केरळ, तामिळनाडूतल्या सातेरीच्या पाळीव वसाहती नव्वद टक्क्यांवर संपल्या. जिथे माशीच नाही तिथे पेटी कोण घेणार? उरलेल्या तीनशे पेट्यांची ऑर्डर एका पोस्टकार्डावर रद्द झाली.

ह्यावर औषध नव्हतं, आजही नाही. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, म्हणजे रोगाला अळी मिळत नाही. आणि ज्या वसाहती तगल्या त्यांच्यापासूनच पुढची वाढ करायची. तगलेल्यांच्याच जोरावर दक्षिणेत माशी पुन्हा उभी राहिली, पण त्याला वर्षं लागली. आमच्या बँकेला तेवढा दम नव्हता. त्या शिवणीचे आबांनी पोळपाट केले. मेढा, वाई, साताऱ्याच्या बाजारात मी स्वतः पोळपाट विकलेत. आजही कुणाच्या घरी कडेला पटाशीची बारीक खूण असलेला हलका पोळपाट दिसला, तर तो कूर्गची मधपेटी व्हायचा होता असं समजा.

मग मी धंद्यात आलो, आबा थकले, वर्षं बरी गेली.

आता त्या माणसाबद्दल. नाव घेणार नाही, ओळखणारे ओळखतील. चार वर्षं आमच्याकडे कामाला होता, आमच्याच घरी जेवला. मापं पाठ झाल्यावर स्वतःचं दुकान काढलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण प्लायवूडच्या पेट्या करून, आमच्यापेक्षा निम्म्या दराने, एका अनुदानाच्या योजनेत पुरवठ्याचं काम घेतलं त्याने. टेंडर उघडलं तेव्हा मीही तिथे होतो. आठाची पट्टी खिशात घेऊन गेलो होतो, म्हटलं माप बघा, दर नंतर बघा. साहेब हसले. कमी दर तोच पात्र.

त्या पेट्या वाटल्या केव्हा, तर मिरगाच्या तोंडावर! सह्याद्रीत जांभळाचा, हिरड्याचा फुलोरा उन्हाळ्यातला. जूनपासून चार महिने धो धो पाऊस, माशी बाहेर पडू शकत नाही, साखरपाक द्यावा लागतो. हे घेणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. प्लायवूडने पाणी प्यायलं, पापुद्रे सुटले, आठाची वाट बाराची झाली. दसऱ्यापर्यंत बहुतेक वसाहती उठून गेल्या. मी त्यातल्या कितीतरी पेट्या नंतर बघितल्या, कोंबड्यांची खुराडी म्हणून. मामांचं पहिल्या दिवसाचं वाक्य असं खरं झालं. आणि लोक काय म्हणायला लागले? मधमाशीपालनात काही राम नाही, माशी आता राहिलीच नाही. अहो, राहिली नाही काय, आपणच तिला राहू दिली नाही.

ह्याच काळात मी मेलिफेरा घेतली. साठच्या दशकात हिमाचल-पंजाबकडे रुजवलेली युरोपातली माशी. सातेरी डोंगरात ठीक, पण देशावरच्या उन्हात पिकाच्या परागीभवनाला पेट्या भाड्याने द्यायच्या तर मेलिफेराच. तिची पेटी दहा चौकटींची, फट थोडी मोठी, त्यासाठी मी दुसरी पट्टी केली. मध हे ह्या धंद्यातलं दुय्यम उत्पन्न आहे हे मला तेव्हा कळलं. ज्यांना अजून कळलं नाही त्यांनी २०२० च्या डिसेंबरातली बातमी आठवावी : दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) संस्थेने १३ ब्रँडचा मध जर्मनीत भेसळ ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीला पाठवला, १० नापास झाले. साखरेच्या पाकाशी दराची स्पर्धा करायची तर मधपाळाने पेट्या मोडून जळणाला घालाव्यात. कित्येकांनी तेच केलं. (आणि थिजलेला मध परत आणून देणाऱ्यांना एकदाचं सांगतो, मध थिजतो. कोमट पाण्यात बरणी ठेवा.)

२०१६ च्या फेब्रुवारीत जालना जिल्ह्यात कांदा बियाण्याच्या प्लॉटवर ६० पेट्या दिल्या होत्या. कांद्याचं गड्डं यायला माशी लागत नाही, पण बी धरायला लागते. त्यातून कांद्याच्या मकरंदात पालाश जास्त, माशीला तो गोड लागत नाही. शेजारी मोहरी, कोथिंबीर फुललेली असली की तिकडे पळते. म्हणून साधारण दहा टक्के गोंडे उमलल्यावरच पेट्या न्यायच्या, आधी नेल्या तर तिला दुसऱ्या फुलाची सवय लागते. हे सगळं मी पाळलं. रात्री पिकअपने नेल्या, दारांना जाळी, पहाटे उतरवल्या. प्लॉटवाल्याशी लेखी करार : फुलोऱ्यात फवारणी नाही.

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला पोरगा फोनवर नुसता “लवकर या, लवकर या” म्हणत होता. मी दुपारी चारला पोचलो. लांबूनच कळलं, कारण आवाज नव्हता. साठ पेट्यांचा आवाज बांधापासून ऐकू येतो, मेण तापवल्यासारखा बारीक घुमणारा. पेट्यांच्या पुढे ओंजळी भराव्यात एवढे ढीग. काही जिवंत होत्या, उताण्या पडून गरगर फिरत होत्या, सोंड बाहेर लोंबलेली. विषाची हीच खूण, सोंड बाहेर. एक माशी पायांवर परागाच्या हिरवट गोळ्या घेऊन उतरली, फळीवर दोनदा घसरली आणि ढिगावर पडली.

फवारणी आमच्या प्लॉटवर नव्हतीच. शेजाऱ्याने फुलकिड्यासाठी सकाळी नऊला, ऐन कामाच्या वेळी, फिप्रोनिल मारलं होतं. बाटली बांधावरच पडलेली. माशी दोन-तीन किलोमीटर फिरते, तिला सातबारा वाचता येत नाही. शेजारी म्हणाला, माझं रान, माझं औषध. प्लॉटवाली कंपनी म्हणाली, आमच्याकडून करार मोडला नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी कागदावर पेन टेकवून विचारलं, “हे जनावरात धरायचं की पिकात?” मी म्हटलं, मजुरात धरा. त्यांनी काहीच धरलं नाही. एक रुपया मिळाला नाही, आणि हे मी मरेपर्यंत सांगणार आहे.

खरा घात नंतर झाला. बाहेर जाणाऱ्या माश्या मेल्या की आतल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावं लागतं. पिलाव्याला ऊब द्यायला कुणी उरत नाही. रात्री गारठा होता. आठवड्यात पिलावा चौकटीतच मेला. ६० पैकी १७ वसाहती घेऊन मी घरी आलो, त्याही मुठीएवढ्या.

मार्चमध्ये सांगोल्याच्या भाऊंचा फोन आला. भाऊंकडे डाळिंब, मृग बहार धरतात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा. माझ्या मेलिफेराचे पहिले गिऱ्हाईक. सुरुवातीला त्यांचाही विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःच चार झाडांच्या काही फांद्यांना मच्छरदाणी बांधली, वहीत तारीख टाकली आणि मला काही सांगितलं नाही. फळ धरल्यावर बोलावलं. जाळीतल्या फांद्यांवर कळी तेवढीच आली होती, पण फळं मोजकी, त्यातही एका अंगाला चेपलेली. बाहेरच्या फांद्या वाकलेल्या. भाऊ म्हणाले, “खत मी टाकलं, पाणी मी दिलं, बरकत ह्यांनी दिली.” त्या मार्चमध्ये त्यांनी दोन वर्षांचं भाडं आगाऊ पाठवलं. पेट्या आहेत का हे विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, भाऊ, सतराच राहिल्यात. म्हणाले, “मग विभाजन कर, एकीच्या दोन कर, पैसे कशाला पाठवलेत?” त्या पैशांतून राण्या तयार केल्या, मेणपत्रे घेतले. जुलैत २५ पेट्या सांगोल्याला उतरल्या.

भाऊंकडे फवारणी होते, तेल्या रोगाला औषध मारावंच लागतं. पण आदल्या दिवशी फोन येतो, “उद्या औषध हाय.” आणि मारतात ते दिवस मावळल्यावर, माशी घरात गेल्यावर. एवढंच आहे ते. फवारणी बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, मीही शेतकऱ्याच्याच जिवावर जगतो. संध्याकाळी मारा, शेजारच्या पेटीवाल्याला सांगा, फुलोऱ्यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिडला हात लावू नका. इमिडाक्लोप्रिडसकट तीन औषधं युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली, ती काय उगाच? आणि बांधावरची जांभूळ, करंज तोडू नका. बहार संपल्यावर माशीने खायचं काय?

माझी धाकटी बहीण पुण्यात राहते, गच्चीवर डांगराचा वेल लावलाय. परवा म्हणाली, दादा, फुलं येतात, त्याखाली लिंबाएवढं डांगर दिसतं आणि पिवळं पडून गळतं. म्हटलं, सकाळी नराचं फूल तोड, पाकळ्या काढ, मादीच्या फुलात फिरव. सोसायटीने आधीच्या आठवड्यात आग्या मोहोळ जाळून घेतलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. ती आता रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी माशीचं काम करते. चीनमध्ये सिचुआनमधल्या हानयुआनला नासपतीच्या बागांत माणसं झाडावर चढून हेच करतात, पिसांची काडी घेऊन. एकेका फुलाला माणसाचा हात. ज्वारी-बाजरी वाऱ्यावर पिकते, भाकरी मिळेल हो. तोंडी लावायला काय घेणार?

मामा २००१ साली गेले. शेवटपर्यंत बुरखा घातला नाही. त्यांच्या ढोल्यांतल्या काही जागा मला माहीत आहेत, तिथे अजून सातेरी आहे. तिथून मी माशी काढत नाही. त्यांचा नातू विचारत असतो, त्यालाही अजून दाखवल्या नाहीत.

यंदा जांभूळ बरा फुलला. सातेरीच्या आठ चौकटींच्या पेट्या शिवणीच्या लाकडात तयार आहेत, दर विचारून घ्यावा, घासाघीस करू नये. मृग बहारासाठी मेलिफेराचं बुकिंग सुरू आहे. भाऊंच्या ३० पेट्या त्यातून वगळलेल्या आहेत, त्या मागू नयेत.