दोन टाक्यांमधला व्हॉल्व

आमच्या नगर परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत अख्खी पाणीपुरवठा योजना एका ओळीत होती: 'वाढीव नळपाणी योजना, नग १', पुढे अंतिम देयकाची रक्कम. जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), पंप, उद्धरण नलिका (पंपाचं पाणी वर चढवणारी वाहिनी), शुद्धीकरण केंद्र, टाक्या, गावभरच्या वाहिन्या, सगळं मिळून एक नग. खालच्याच ओळीत 'लोखंडी कपाट, नग १'. लेखा विभागाला घसारा काढायला तेवढं पुरतं. यंदा कुठली वाहिनी बदलायची, कुठली टाकी आधी बांधायची, हे ठरवताना मात्र ती ओळ काहीच सांगत नाही.

म्हणून मालमत्तांची उतरंड लावायचं काम माझ्याकडे आलं. सल्लागारांनी दिलेल्या तक्त्यात सगळे व्हॉल्व एका गटात, सगळे पाइप दुसऱ्या, त्यातही बिडाचे वेगळे, एसीचे (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे) वेगळे. भांडारातल्या रॅकला हे ठीक. जमिनीखाली काय कशावर अवलंबून आहे ते यातून कळत नाही. या मंडळींपैकी कुणी चेंबरचं झाकण उघडून आत डोकावलं असेल असं मला वाटत नाही. मी पाणी ज्या वाटेनं येतं त्या वाटेनं लावत गेले: जॅकवेल, उद्धरण नलिका, शुद्धीकरण केंद्र, टाकी, झोन (एका टाकीवरून पाणी मिळणारा भाग), वाहिनी, व्हॉल्व. प्रत्येकाचा वरचा दुवा एकच.

पंपांसाठी दोन खाती केली, एक जागेचं आणि एक यंत्राचं. लॉगबुकात 'पंप २ बंद, बेअरिंग गेली' हे वाक्य वर्षानुवर्षं येत होतं आणि सगळे त्या पंपालाच शिव्या देत होते. खाती वेगळी केल्यावर दिसलं की त्या जागेवर दर वेळी वेगळा पंप होता. दुरुस्तीला गेलेला परत आला की दुसऱ्याच जागेवर बसायचा आणि तिथं मुकाट चालायचा. फाउंडेशन एका अंगानं खचलं होतं, अलाइनमेंट, म्हणजे पंप आणि मोटारीची सरळ रेष, टिकत नव्हतं. हे सापडलं तेव्हा मी खरंच खूश झाले होते.

मग व्हॉल्व तपासायला निघालो. बरोबर आमचे सगळ्यात जुने व्हॉल्वमन, सगळे त्यांना मामा म्हणतात. वेशीच्या टाकीचा झोन संपतो आणि मळ्याच्या टाकीचा सुरू होतो, त्या हद्दीवर २०० मिमीचा स्लुइस व्हॉल्व, म्हणजे आतलं दार वर-खाली होणारा व्हॉल्व, आहे. नकाशात तो कायम बंद. मामांनी चावी लावली आणि मोजत फिरवली. आठ आट्यांवर, म्हणजे चावीच्या आठ फेऱ्यांनी, दार बसलं; तेवढा तो उघडा होता.

"मामा, हा उघडा कसा?"

"मॅडम, मळ्याकडच्या नव्या प्लॉटिंगला पाणी चढत नाही. वेशीची टाकी उंचावर आहे, तिच्यातून थोडं सोडतो. आठच आटे. नवव्याला गावठाणातले लोक ओरडतात."

स्लुइस व्हॉल्व एकतर पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की दार थरथरतं, बैठक झिजते, मग बंद केला तरी गळतो. हे मामांना माझ्याआधीपासून माहीत आहे. त्यांनी जाणूनबुजून एक व्हॉल्व झिजू दिला आणि पाच-सहा गल्ल्यांना पाणी दिलं.

पण वेशीची टाकी लवकर रिकामी होते म्हणून तिथली नवी टाकी प्रस्तावात पहिली लागली होती, पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच मिळणाऱ्या) निधीतून. मळ्याची बाजू कागदावर उत्तम होती, तक्रारच नव्हती! पुढच्या पाळीला तो व्हॉल्व पूर्ण बंद ठेवायला लावला. वेशीची टाकी वेळेत पुरली. प्लॉटिंगच्या शेवटच्या नळावर गेज लावला. एकमजली घरालासुद्धा ७ मीटर दाब हवा, म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल इतका; आमचा काटा २च्या पुढे गेला नाही. फोन तर तासाभरात सुरू झाले. त्यातले निम्मे थेट नळाला मोटार लावणारेच होते, त्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

म्हणजे गरज टाकीची नव्हतीच, मळ्याची अरुंद वाहिनी बदलण्याची होती. प्रस्ताव बदलून वर दिला. गावठाणातल्या नेत्यांना टाकी हवी आहे, टाकी रस्त्यावरून दिसते. निर्णय अजून लटकलेला आहे.

व्हॉल्व परत आठ आट्यांवर आहे. नोंदीत तो कुठे टांगायचा ते मात्र सुटत नाही. सॉफ्टवेअर दोन वरचे दुवे घेत नाही आणि 'स्थिती' या रकान्यात 'उघडा' किंवा 'बंद' एवढंच आहे. सध्या मळ्याखाली टाकलाय, 'उघडा' लिहून शेऱ्यात आटे लिहिलेत. पण शेरा कोण वाचतं? आणि वाचलाच, तर 'नियमानुसार बंद करा' असं पत्र येईल.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील, त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं येतील. असे आणखी किती व्हॉल्व आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आधी मळ्याची लाइन टाकून दाखवा, मग एकेक दाखवतो." मी त्यांच्यावर चिडले, सरळ लेखी आदेश काढेन म्हटलं. तो आदेश टंकून तयार आहे. मी अजून सही केलेली नाही.