पूर्ण नाव सांगा

रविवार, रात्री उशिरा

नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे कानबाई, आमच्या खानदेशच्या देवीचा सण. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं बागलाण-खानदेशातली, त्यामुळे सकाळपासून सगळीकडे पुरण शिजत होतं. आई सटाण्याहून आधीच येऊन बसली होती. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू सव्वाच्या मापात मोजण्यापासून नारळाला नथ घालण्यापर्यंत सगळं तिनं केलं. आम्ही सुना-लेकी फक्त "हे कुठं ठेवू, ते कुठं ठेवू" करत फिरत होतो. गाणी अहिराणीत. मला अर्धी येतात, लेकीला एकही नाही.

रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेर द्यायचा नाही. वरच्या मजल्यावर भाड्यानं बिहारचं कुटुंब राहतं. त्या भाभी छठ झाली की न चुकता ठेकुआ आणून देतात, म्हणून मी ताट वाढायला घेतलं. आई म्हणाली, पुरणपोळी दे, खीर दे, रोट नाही. तसंच केलं. भाभींना काही वाटलं नाही, त्यांच्याकडेही सोवळ्याचे नियम आमच्यापेक्षा कडक आहेत. वाटलं ते लेकीला. "आपल्यातले आणि बाहेरचे हे इथूनच सुरू होतं, मम्मी. हेच मोठं झालं की सोसायटीचा नियम होतो."

मला पटलं नाही. देवीचा प्रसाद घरात संपवणं वेगळं आणि माणसाला दारातून परत पाठवणं वेगळं. पण फरक नेमका कुठं पडतो, ते सांगायला गेले तर जीभ अडखळली.

मंगळवार

काल विसर्जन झालं. आई आजच निघणार होती, थांबवून घेतली.

रात्री जेवताना जनगणनेचा विषय निघाला. फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसं मोजायची ठरली आहेत, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्यांची जात लिहिली जाणार. यंदा आपली माहिती आपण ऑनलाइनही भरू शकतो, म्हणून लेक आमच्या घराची जबाबदारी घेऊन मोकळी झाली. तिचा पहिला प्रश्न मातृभाषेचा. जनगणनेच्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती. आई तान्हेपणीच वारली असेल तर लहानपणी घरात बोलली जाणारी.

म्हणजे माझी अहिराणी आणि माझ्या लेकीची मराठी. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या मायलेकींच्या मातृभाषा दोन. मी तिच्याशी अहिराणी बोलले नाही ते ठरवूनच. शाळेत "आहे"च्या जागी "शे" म्हटलं की पोरं हसायची, ते मी भोगलं होतं. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, बोलणारे सुमारे साडेअठरा लाख, आणि अहिराणी त्याच खानदेशीखाली येते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आपली मराठीच शे ना?" तिनं मराठीच लिहायला सांगितलं. सरकारी कागदावर घरचं काही लिहायचं नाही, हा तिच्या पिढीचा शहाणपणा.

आमचे हे म्हणाले, जात-बित काही नको, सरळ "भारतीय" लिहा. हे वाक्य मला कधीच आवडलं नाही. जातीनं ज्याचं काही अडवलं नाही त्याला जात विसरणं परवडतं. आणि माझ्या जावेचा मुलगा जात पडताळणीसाठी खापरपणजोबांचा शाळेचा दाखला शोधत तालुक्याला खेटे घालतोय, तेव्हा हेच मदतीला गेले होते. कागद हवा तेव्हा जात, आणि जेवताना भारतीय.

गुरुवार

आज डोकं फिरलं.

आमच्या अंबडच्या कंपनीत क्वालिटीला एक मुलगी आहे. मालेगावची, इंजिनिअर. तिचं घराणं १८५७ नंतर उत्तरेतून मालेगावात आलेल्या विणकरांपैकी. घरी उर्दू, आणि मराठी माझ्या लेकीपेक्षा स्वच्छ. तिला जागा हवी होती. मी म्हटलं, मी फोन करते, माझ्या ओळखीत एजंट आहेत.

फोनवर सगळं जमलं. टू बीएचके, तिसरा मजला, पाणी चोवीस तास. मग एजंट म्हणाला, पूर्ण नाव सांगा. मी तिचं नाव सांगितलं. थोडी शांतता. "मॅडम, त्या सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही हो." मी म्हटलं, आमच्याकडे दर रविवारी मटण असतं, मला दिली असती का जागा? तो हसून म्हणाला, "तुमचं काय मॅडम, तुमचं चालतं." आणि पुढे, अगदी काळजीनं, "त्यांना वडाळ्यात नाही का बघत? तिकडं त्यांची माणसं आहेत."

तिची माणसं! ती इथं कुणालाच ओळखत नाही, ओळखते ती मला.

तिला सांगताना मी मांसाहाराचंच कारण दिलं. तिनं मान हलवली. "ताई, मला हे कारण पाठ आहे." रागावली नाही, उलट मलाच चहा पाजला. मला त्या एजंटाचाही राग धड येईना. त्याला तिच्या धर्माशी घेणं-देणं नाही, कमिशनशी आहे. घरमालक सोसायटीचं नाव सांगतो, सोसायटी रहिवाशांचं, रहिवासी "बाकीच्यांचं". नको म्हणणारा प्रत्यक्ष माणूस कधी भेटतच नाही.

शनिवार

कामाला सुट्टी. लेकीला घेऊन पांडवलेणी. फाळके स्मारकाच्या बाजूनं पायऱ्या चढताना तिनं कुरकुर केली, वर गेल्यावर मात्र शांत झाली. त्रिरश्मी डोंगर. आमच्या लहानपणी इथं शाळेची सहल यायची ती "पांडवांची घरं" बघायला. पांडवांचा इथं काही संबंध नाही, ही भिक्खूंची लेणी, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी आजीनं कोरून घेतलेला. आजी मुलाचं कौतुक करते: शक, यवन, पल्हवांचा संहार केला, क्षहरातांचा (नहपान राजाच्या शक घराण्याचा) वंश निःशेष केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. ज्याच्या नावातच आईचं गोत्र आहे त्या राजाचं हे वर्णन. पुढे ह्याच घराण्यातल्या एका सातकर्णीची राणी शक क्षत्रपाची मुलगी होती, ते कान्हेरीच्या लेखात आहे. संकर थांबला तो असा.

आणि ज्या यवनांचा संहार झाला म्हणून लिहिलं, त्यांच्यातल्याच एकाचं लेणं त्याच ओळीत, सतराव्या क्रमांकाला. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. नाव इंद्र आणि अग्नीचं, बापाचं नाव धम्माचं, मुलाचं धम्मरक्षित. दान भिक्खूंना. तरी स्वतःची ओळख लिहिताना तो सांगतो: उत्तरेकडचा, दातामिती नगराचा, योणक. ग्रीक! कुणी विचारलं नव्हतं, लपवता आलं असतं, पण त्यानं दगडात कोरलं. जवळच दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात, तो शक. तीन लाख गाई ब्राह्मणांना दिल्याचं तो सांगतो, आणि त्याच लेखात लेणं भिक्खूसंघाला देतो. एका धर्माच्या रकान्यात हा माणूस कसा बसवायचा?

लेक म्हणाली, "ह्यांना तेव्हा फ्लॅट मिळाला असता."

मी हसले, पण ते खरं नसावं. ह्या दोघांकडे पैसा होता आणि छिन्नी चालवणारे कारागीर होते. आपली ओळख आपल्या शब्दांत लिहायला तेवढं लागतंच. डोंगरात पाण्याची टाकी खोदणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत.

सोमवार

शरणपूर रोडला बँकेचं काम होतं. ह्या रस्त्यावरून आयुष्यभर गेले, शरणपूर हे नाव ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीचं, एवढंच माहीत होतं. परवापासून लेकीनं काहीतरी वाचून मला ऐकवायचा सपाटा लावलाय. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रज आरमार पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणि तिथून इथं शरणपूरला पाठवली जायची. सुतारकाम, लोहारकाम, बायबल शिकून मोठी झाली. मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेत "नासिक बॉइज" होते. १८७३ मध्ये तो वारल्यावर त्याचं प्रेत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, नाशिकला शिकलेला, जन्मानं याओ जमातीचा. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत तो शवपेटीबरोबर गेला. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, तिथं जाऊन राहिलेल्या अशा मुलांना लोक "बॉम्बे आफ्रिकन" म्हणायचे.

म्हणजे इथं असताना आफ्रिकन, तिथं गेल्यावर नाशिकचे, मुंबईचे. आणि जेकब हे नाव बाप्तिस्म्याचं. त्याच्या आईनं त्याला काय हाक मारली असेल ते आम्हाला माहीत नाही. इंद्राग्निदत्तानं स्वतःचं लिहिलं, ह्याचं दुसऱ्यांनी लिहिलं. मला वाटतं, "तुम्ही कोण" ह्यापेक्षा "तुम्ही कोण ते कोणी ठरवलं" हे आधी विचारायला हवं. बँकेच्या रांगेत टोकन हातात धरून हे सगळं सुचत होतं, तेवढ्यात नंबर निघून गेला.

मंगळवार

लेकीनं विचारलं, धर्माचा रकाना रिकामा ठेवला तर? मी तिला काळारामाची गोष्ट सांगितली, पाठ्यपुस्तकात असते तेवढीच नाही. २ मार्च १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह, डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, वर्षानुवर्षं बंद राहिलेला दरवाजा. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला घोषणा, की हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ मध्ये लाखो लोकांनी स्वतःचा धर्म स्वतः निवडला. त्या निवडीची किंमतही पडली. बौद्ध लिहिलं की केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती जायच्या, त्या १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. राज्यात आधी मिळाल्या. म्हणून कित्येक घरांत कागदावर एक आणि भिंतीवर दुसरं. आमच्या ऑफिसातल्या शिपाई काकांच्या वडिलांनी दाखल्यावर बौद्धच लिहिलं. त्यापायी हातची केंद्राची नोकरी गेली, तरी काका ते अभिमानानं सांगतात.

"मग मी काय लिहू?" ती म्हणाली. मी म्हटलं, जे लिहिशील ते कुणाला सांगायला लाजू नकोस, बाकी तुझं तू बघ. तिनं मातृभाषेत मराठी आणि दुसऱ्या भाषेच्या जागी अहिराणी लिहायचं ठरवलंय. येत नसताना. आजीकडून शिकणार म्हणे. आजी उद्या सटाण्याला निघाली, शिकणार कधी!

शुक्रवार

मालेगावच्या मुलीला पाथर्डी फाट्याला जागा मिळाली. मालक निवृत्त शिक्षक आहेत, नाव ऐकून कचरले नाहीत. पण ॲग्रीमेंटच्या आधी म्हणाले, कुणीतरी "आपल्या ओळखीचं" मागे असलं तर बरं. म्हणून मी गेले, आधार कार्डाची झेरॉक्स दिली, ह्यांची नोकरी कुठली, मूळ गाव कोणतं, सगळं सांगितलं. बागलाण म्हटल्यावर सर खूश झाले, त्यांच्या मावशी नामपूरच्या. चहा झाला. जामीन म्हणून सही केली.

तिचा पगार माझ्या दीडपट आहे. ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.